अकरावीच्या अर्जातला ४० हा आकडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या अंकात अकरावीच्या विषयनिवडीवर दरवर्षी काही ना काही छापून येतं. यंदाही आलं. त्यातल्या एका चौकटीचं शीर्षक होतं 'गुण मिळवून देणारे विषय', आणि विज्ञान शाखेच्या मुलांसाठी त्यात भूगोल आणि आयटी ही दोन नावं ठळक छापली होती. ती चौकट वाचून मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. लांबलं तर दोन भागांत छापा, पण छापा.

मी बार्शीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात २८ वर्षं नोकरी केली आणि २०२३ साली वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं प्रवेशाच्या खिडकीवर गेली. मी शिक्षिका नाही. करिअर मार्गदर्शनाची पदवीही माझ्याकडे नाही. पण अकरावीच्या अर्जावरचे विषयांचे रकाने कसे भरले जातात, ते मी हजारो वेळा पाहिलंय, आणि त्यातले कित्येक माझ्या हातांनी भरलेत.

बोर्डाच्या लेखी विषयाला नाव नसतं, क्रमांक असतो. इंग्रजी ०१, मराठी ०२, हिंदी ०४. भौतिकशास्त्र ५४, रसायनशास्त्र ५५, जीवशास्त्र ५६. गणित ४०. भूगोल ३९. विज्ञान शाखेचं आयटी ९७. आमच्या अर्जावर सहा रकाने असायचे. ०१ आम्ही आधीच छापून घ्यायचो. ५४ आणि ५५ वर चर्चा नसायची. भाषेच्या रकान्यात दुसऱ्या भाषेऐवजी आयटीही चालायचं, म्हणून ०२ की ९७ एवढंच विचारायचं, आणि शेवटच्या दहा वर्षांत तिथे ९७ च जास्त पडायला लागला. मराठीचा वर्ग रिकामा होत गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. उरायचे शेवटचे दोन रकाने. ५६ आणि ४०, की ५६ आणि ३९, की ४० आणि ३९. या दोन रकान्यांना, संपादक महोदय, सरासरी एक मिनिटही मिळत नसे. मागे पन्नास-साठ माणसांची रांग, पाऊस सुरू झालेला, कुणाची एसटी चुकायला आलेली. बाप खिडकीत वाकून म्हणायचा, "मॅडम, डॉक्टरकीचं करायचंय. मॅथ्स काढून टाका, भूगोल टाका. स्कोअरिंग आहे म्हणतात." मुलगी शेजारी उभी असायची. तिला मी विचारलं तर ती बापाकडे बघायची. मी ३९ लिहायचे, शिक्का मारायचे, पुढचा अर्ज.

२०१८ च्या जूनमध्ये असाच एक अर्ज माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचा आला. माझी भाची. दहावीला ९१ टक्के. गणितात १०० पैकी ९३, त्यातही भूमितीच्या पेपरला ४० पैकी ३९. भाऊ घरबांधणीची कंत्राटं घेतो, त्यामुळे ही पोरगी लहानपणापासून साइटवर वाढलेली. पायाची आखणी करताना फक्की कुठून कुठे टाकायची ते ती मिस्त्रीच्या आधी सांगायची. गवंड्याने नकाशा उलटा धरला तर हातातून घेऊन सरळ करून द्यायची. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. कौतुकही केलेलं. आणि तरी अकरावीच्या वेळी घरात एकच चर्चा, नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची. भाऊ म्हणाला, "ताई, लातूरच्या क्लासवाल्यांनी सांगितलंय, नीटच्या बॅचला मॅथ्स ठेवूच नका, वेळ खातं. भूगोल टाक तिला." मी एकदा विचारलं, राहू दे का गणित? तो म्हणाला, कशाला डोक्याला ताण. मी पुढे बोलले नाही. ०१, ९७, ५४, ५५, ५६, ३९. माझ्या अक्षरात.

ती बारावी झाली २०२० ला. भूगोलात ९४ पडले. त्याच वर्षीच्या नीटला ३१२, पुढच्या वर्षी ३८८, २०२२ ला ४३१. तीन वर्षं लातूरच्या खोलीत, महिन्याला मेसचा डबा, दर रविवारी टेस्ट. ४३१ वर एमबीबीएसला नंबर लागला नाही. होमिओपॅथीला खासगीत लागत होता. तेव्हा ती पहिल्यांदा घरात मोठ्याने बोलली, "मला नाही करायचं ते. मला आर्किटेक्ट व्हायचंय." भाऊ दोन दिवस जेवला नाही, मग म्हणाला, बरं, त्याची परीक्षा दे. आणि मग ही माझ्याकडे आली. "आत्या, नाटाची परीक्षा देता येईल ना मला?"

मी माहितीपुस्तिका उघडली. परीक्षेचा अभ्यास तिने केला असता, पण आर्किटेक्चरच्या पात्रतेत बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. गणित नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्या रकान्यात मी ३९ लिहिला होता.

यातून वाट निघते, हे मला नोकरीमुळे माहीत होतं, म्हणून ती निघाली. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला नंतर एखादा सुटा विषय घेऊन बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं. बोर्डाच्या सूचनांमध्ये नियमित, पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार यांच्या शेजारी 'तुरळक विषय' असे दोन शब्द असतात. ते कुणी वाचत नाही. आम्ही तिचा ४० क्रमांकाचा अर्ज तुरळक विषयात भरला. पण तोवर बारावीची पुस्तकंही बदलली होती. तिच्या वेळचा अभ्यासक्रम जाऊन २०२०-२१ पासून नवा आला होता. बालभारतीची नवी पुस्तकं आणली, अकरावीचीही आणली, कारण अकरावीचं गणित तिने पाहिलेलंच नव्हतं. वीस वर्षांची मुलगी सतरा वर्षांच्या पोरांबरोबर शिकवणीत बसायला लाजत होती, म्हणून एका निवृत्त सरांनी सकाळी सहा वाजता घरी शिकवलं. पेपर होता ३ मार्च २०२३ ला. त्याच दिवशी बुलढाणा जिल्ह्यात गणिताचा पेपर फुटल्याची बातमी आली. फेरपरीक्षा होते की काय या भीतीने ती रात्रभर जागी होती. झाली नाही. ६७ गुण पडले. पुढे प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीला खिडकीतला मुलगा तिच्या दोन गुणपत्रिका बघून गोंधळला, दोनदा आत जाऊन विचारून आला, आणि मग शिक्का पडला. आज ती सोलापुरात आर्किटेक्चर शिकते आहे. तिच्या वर्गातली मुलं तिला दीदी म्हणतात.

तीन वर्षं गेली. त्यातलं नीटचं अपयश मी कुणाच्या माथी मारत नाही. ती परीक्षा कठीण आहे आणि जागा थोड्या आहेत. पण शेवटचं वर्ष फक्त एका रकान्यापायी गेलं, आणि तो रकाना भरताना त्याची किंमत आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मलासुद्धा नव्हती. २८ वर्षं त्या कार्यालयात काढून नव्हती.

आता त्या 'गुण मिळवून देणाऱ्या' विषयांबद्दल. हा समज जुना आहे, बारावीच्या टक्क्यांवर इंजिनिअरिंग आणि मेडिकलला प्रवेश मिळायचे तेव्हाचा. तो काळ गेला, समज राहिला. आज राज्यातल्या इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर होतो. बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४०, तेही ठरावीक तीन विषयांचे मिळून. नीटचंही तेच. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. पुढचं सगळं ७२० पैकी किती, यावर. मग माझ्या भाचीचे भूगोलातले ९४ गुण कुठे उपयोगी पडले? नीटला ते मोजलेच जात नाहीत. आयआयटी-एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डातले वरचे २० पर्सेंटाइल लागतात हे खरं, पण ज्याने गणित सोडलं त्याला त्या दारात उभंच राहता येत नाही. गावातल्या कॉलेजात बीएस्सीची गुणवत्ता यादी लागते तिथे एकूण टक्के बघतात, तेवढ्यापुरता भूगोल कामाला येईल. म्हणजे भूगोल घेऊन आईबाप जी टक्केवारी वाढवतात, ती ज्या प्रवेशासाठी वाढवतात तिथे तिला किंमत नाही. भूगोल चांगला विषय आहे. ज्याला नकाशे, पाऊस, माती यांत रस आहे त्याने तो जरूर घ्यावा, स्पर्धा परीक्षांनाही तो लागतो. माझी तक्रार भूगोलाबद्दल नाही. गणिताच्या जागी तो केवळ टक्क्यांसाठी बसवला जातो, याबद्दल आहे.

गणित सोडल्यावर काय काय बंद होतं, हे मी निवृत्तीनंतर माहितीपुस्तिका काढून एका वहीत लिहीत गेले. नोकरीत असताना हे करायला हवं होतं. इंजिनिअरिंग बंद होतं, ते सगळ्यांना कळतं. आर्किटेक्चर बंद होतं, ते मी सांगितलं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलं आहे. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन, गणित हवंच. हे मला एका मुलीमुळे कळलं. २०२१ पासून मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येऊ लागली, ती बातमी आली तेव्हा आमच्या बारावीतली एक वैरागची मुलगी धावत कार्यालयात आली होती. धावण्यात जिल्ह्यात आलेली, उंच, तब्येतीने खणखणीत. विमान उडवायचंय म्हणाली. तिचा अर्ज काढला, त्यावर ५६ आणि ३९. मी तिला म्हटलं, बाळा, लष्कराचा अर्ज भर. तिने भरला की नाही, मला माहीत नाही. २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, त्या १७ मुलींचा फोटो आपल्याच अंकात पाहिला आणि मला तिचा चेहरा आठवला.

आणखी एक गोष्ट तर जीवशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठीच आहे, आणि तीच सगळ्यात कमी लोकांना ठाऊक आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संशोधन संस्थांत बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. त्याच्या चाचणीत ६० प्रश्न असतात. जीवशास्त्राचे १५, रसायनाचे १५, भौतिकाचे १५ आणि गणिताचे १५. म्हणजे ज्या मुलीला पेशी, जनुकं, कीटक यांत खरोखर रस आहे आणि डॉक्टर व्हायचं नाही, तिलाही गणिताशी गाठ घ्यावीच लागते. आमच्या भागात जीवशास्त्र म्हटलं की डॉक्टर आणि डॉक्टर म्हटलं की गणित सोडा, एवढाच हिशेब. संख्याशास्त्राची पदवी, दिल्ली विद्यापीठातलं अर्थशास्त्र, सगळीकडे गणित विचारतात.

उलट बाजूही सांगते, कारण ते न्यायाचं होईल. जीवशास्त्र सोडलेल्यांना परत यायला आता एक दार आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं, की बारावी झाल्यानंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केलेल्यांनाही नीट देता येईल. फार्मसीला तर गणित किंवा जीवशास्त्र कोणतंही एक चालतं, कृषीची सीईटीही दोन्ही गटांतून देता येते. म्हणजे चुकलेल्याला वाटा आहेत. पण त्या वाटा सापडायला घरात माझ्यासारखी एखादी आत्या असावी लागते, आणि ती सगळ्यांच्या घरात नसते.

वाणिज्य शाखेतही हेच, फक्त क्रमांक वेगळे. तिथे गणित ८८ आणि त्याच्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, ५२. एसपी सोपं, म्हणून निम्मा वर्ग तिकडे. आणि त्यातल्याच दहा-बारा मुलांना सीए व्हायचं असतं. सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला तिसरा पेपर १०० गुणांचा, व्यापारी गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. दोन वर्षं गणिताला हात न लावलेला मुलगा तिथे पहिल्यांदा अडखळतो. पेपर देता येत नाही असं नाही, पण दोन वर्षांचा गंज काढायचा तर अख्खी उन्हाळ्याची सुट्टी जाते.

आणि दारंही जागा बदलतात. बीबीए आणि बीसीएला पूर्वी बारावीचा निकाल हातात घेऊन कॉलेजात जायचं, की प्रवेश. २०२४ पासून या अभ्यासक्रमांना राज्याची सीईटी लागली. पहिल्या वर्षी कित्येकांना ते कळलंच नाही, म्हणून पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. त्या उन्हाळ्यात माझ्या दारात तीन आया येऊन गेल्या. त्यातल्या एकीचा मुलगा बारावीला ८२ टक्क्यांनी पास झालेला, आणि बीसीएला प्रवेश का मिळत नाही हे तिला समजत नव्हतं. तिला मी परीक्षेबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, "पण ताई, आम्हाला कॉलेजात कुणी बोललं नाही." कुणी बोललं नव्हतं, हे मला पटलं. मीच तिथे होते एक वर्षापूर्वीपर्यंत.

क्लासचा भाग तर लिहावाच लागेल. मी कुणाचं नाव घेत नाही. पण आता विषय ना मुलगा ठरवतो ना कॉलेज, बॅच ठरवते. नीटची बॅच आणि जेईईची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या परीक्षेची, बॅच. नीटच्या बॅचच्या वेळापत्रकात गणिताचा तास बसत नाही, म्हणून गणित नको. कारण एवढंच. मुलाचा प्रवेश एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजात फक्त प्रयोगवहीवर सही घ्यायला. अशा मुलाला विषयाबद्दल दोन शब्द सांगणारा शिक्षक कुठे भेटणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती नकोत असं लिहिलंय. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या काळात ५६ आणि ४० एकत्र घेणाऱ्यांची तुकडी मोडून दोन झाल्या, कारण प्रात्यक्षिकांच्या बॅचा आणि गणिताचा तास एका वेळेला येत होते. वेळापत्रकाच्या सोयीसाठी तेव्हा दोन मुलांनी आपला गणिताचा विषय बदलून घेतला. मीच त्यांचे विषयबदलाचे अर्ज टाइप केले.

दोन्ही घ्या, असा माझा सगळ्यांना आग्रह नाही. चार विषय, तीन प्रात्यक्षिकं, गणिताचा सराव वेगळा. ते ओझं काही मुलांना पेलत नाही. एक मुलगा आठवतो, आईच्या हट्टापायी दोन्ही ठेवलेला. अकरावीला गणितात नापास झाला, आणि निकालाच्या दिवशी तो खिडकीसमोरच्या पायरीवर तासभर बसून होता. त्याला कुणी आधीच सोडवायला हवं होतं. ज्याला गणित झेपत नाही, आवडत नाही, त्याने ते सोडण्यात काही गैर नाही. पण मग सोडताना त्याच्या हातात यादी हवी, की हे सोडलंस तर ही ही दारं बंद, ही उघडी, आणि चुकलंच तर इथून परत येता येतं. कळून सोडणं आणि रांगेत सोडणं यांत फरक आहे. ज्या मुलीला भूमितीत ४० पैकी ३९ पडतात, तिच्या अर्जावर ४० खोडताना कुणीतरी एकदा तरी पेन थांबवायला हवं होतं.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आमच्यासारख्या गावांसाठी ते नवीनच होतं. दहापर्यंत पसंतीक्रम भरायचे, पहिला मिळाला तर घ्यावाच लागतो, हे समजावून सांगताना माझे दोन महिने गेले. पोरं अर्ज नेट कॅफेत भरतात, तिथला मुलगाच पसंतीक्रम टाकून देतो. त्या अर्जात शाखा ठरते, पण ५६ की ४० की ३९ हे अजूनही कॉलेजच्या खिडकीवरच ठरतं. म्हणून मी शिक्षण विभागाला, आणि आपल्या वृत्तपत्रामार्फत सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना एवढंच मागते. विषयांच्या अर्जाच्या पाठीमागे मराठीत एक पान छापा. पाठकोरा कागद तसाच जातो, तो वापरा. प्रत्येक विषयाच्या क्रमांकापुढे तो कोणत्या प्रवेशांना लागतो ते लिहा, आणि दरवर्षी सीईटी कक्षाची पुस्तिका आली की ते पान तपासा. हे एका लिपिकाचं चार दिवसांचं काम आहे, मी करून पाहिलंय. दुसरं, विषय बदलायची मुदत निदान पहिल्या घटक चाचणीपर्यंत राहू द्या. आमच्याकडे ऑगस्ट उलटला की प्राचार्य नाही म्हणायचे, आणि मुलांना विषय कळायला लागतो तो नेमका त्यानंतर. आणि 'तुरळक विषय' हे दोन शब्द बारावीच्या निकालाच्या दिवशी फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

आपल्याकडेही एक मागणं आहे. ती 'गुण मिळवून देणारे विषय' ही चौकट पुढच्या वर्षी छापू नका. त्याच जागेत कोणत्या विषयाने कोणती दारं उघडतात ते छापा. तुमचा अंक बार्शीच्या पानटपरीवरही वाचला जातो, त्या चौकटीची कात्रणं लोक खिशात घालून खिडकीवर येतात. मी पाहिलेली आहेत.

सध्या मी दर रविवारी सकाळी दहा ते बारा घराच्या ओट्यावर बसते. भगवंत मंदिराच्या बाजूच्या गल्लीत. त्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स प्रती करून ठेवल्यात. गेल्या रविवारी पांगरीहून एक शेतकरी आणि त्यांची मुलगी आली होती. दहावीला ८९ टक्के. वडील म्हणाले, नीटचं बघतोय. मुलीला विचारलं, तर म्हणाली, "मला अजून ठरवता येत नाही." मी तिला म्हटलं, मग ठरेपर्यंत दोन्ही ठेव. वडिलांनी पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि पैरणीच्या आतल्या खिशात ठेवलं. सोमवारी त्यांचा फोन आला, खिडकीवरून. मागे रांगेचा आवाज येत होता. ते म्हणाले, "ताई, इथले सर म्हणतायत दोन्ही मिळत नाहीत, एकच मिळंल. काय टाकू?"

मी म्हटलं, सरांना फोन द्या.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, बार्शी, जि. सोलापूर
(कृपया नाव छापू नये. माझे सहकारी अजून त्या खिडकीवर आहेत.)